प्लेटलेट कमी आहेत, पण डेंग्यू नाही

पावसाळा सरत आला की खान्देशातल्या तालुक्याच्या गावांत एकच प्रश्न ऐकू येतो, 'पेशी किती आल्या?' पिंपळनेरचा बाजार असो की साक्रीचा बसस्टँड, तापाच्या माणसाची विचारपूस आता आकड्याने होते. ऐंशी हजार म्हटले की चेहरे पडतात. चाळीस हजार म्हटले की गाडी बघायला सुरुवात होते आणि रुग्ण धुळ्याच्या रस्त्याला लागतो. घरात कोणीतरी पपईच्या पानांचा रस काढतो, कोणी किवी आणतो, कोणी रक्तपेढीत ओळख शोधतो. या सगळ्या धावपळीत एक गृहीतक कोणी तपासत नाही. ते असे, की पेशी कमी म्हणजे डेंग्यू.

बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण दर हंगामात काही रुग्ण असे निघतात की त्यांचा ताप उतरतो, आठवडा जातो, महिना जातो आणि प्लेटलेट काही वर येत नाहीत. काहींना तर ताप आलेलाच नसतो. दात घासताना रक्त येते, पायांवर पिसू चावल्यासारखे लाल ठिपके उमटतात, कुठे आपटल्याचे आठवत नाही आणि मांडीवर काळानिळा डाग असतो. अशा रुग्णांत शोधायच्या कारणांपैकी एक कारण आहे एचआयव्ही. ते शोधायला अवघड नाही, चाचणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि सापडले तर उपचारही मोफत आहे. तरीही ते राहून जाते. का राहून जाते, हा या लेखाचा विषय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे प्लेटलेटना सर्रास 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. त्या वेगळ्या. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, प्लेटलेट रक्त थांबवतात. प्लेटलेट ही खरे तर पूर्ण पेशीही नाही. हाडांच्या मज्जेत काही अवाढव्य पेशी असतात आणि त्यांचे तुकडे सुटून रक्तात येतात, त्या या प्लेटलेट. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलीटर रक्तात, म्हणजे थेंबाच्याही लहानशा अंशात, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. एकेकीचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे. म्हाताऱ्या झालेल्या प्लेटलेट प्लीहा, म्हणजे पानथरी, गाळून काढते आणि मज्जा रोज नव्या पाठवते. आकडा कमी होतो तो तीन वाटांनी. मज्जेत तयार होणे घटते, पानथरी वाढून त्यांना अडकवून ठेवते, किंवा तयार झालेल्या प्लेटलेट वेळेआधी मारल्या जातात. एचआयव्हीत मुख्यतः तिसरी वाट दिसते आणि आजार जुना होत गेला की पहिलीही.

ही गोष्ट नवी नाही. १९८२ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी ११ समलिंगी पुरुषांच्या प्लेटलेट प्रतिकारशक्तीच्या गोंधळामुळे कमी झाल्याचे शोधनिबंधात नोंदवले. तेव्हा एचआयव्ही हा विषाणू कोणाला माहीतही नव्हता. तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सापडला १९८३ मध्ये. म्हणजे विषाणूला नाव मिळण्याआधीच त्याची ही खूण कागदावर आली होती. भारतात पहिली लागण १९८६ मध्ये चेन्नईत नोंदली गेली. चाळीस वर्षे होत आली, तरी सामान्य माणसाच्या मनात एचआयव्ही म्हणजे वजन घटणे, जुलाब आणि टीबी एवढेच चित्र आहे. रक्ताचे ठिपके त्या चित्रात नाहीत.

हे घडते कसे? एचआयव्ही शरीरात शिरला की प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. विषाणूच्या आवरणावरच्या प्रथिनाचा काही भाग आणि प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचा काही भाग यांत साम्य आहे. चोराचे वर्णन ढोबळ असले की गावातलाच एखादा त्या वर्णनात बसतो आणि पोलीस त्याला उचलतात, तसे इथे होते. विषाणूसाठी बनलेले प्रतिपिंड प्लेटलेटला चिकटते. मग पानथरीतल्या भक्षक पेशी त्या खूण लागलेल्या प्लेटलेटना गिळून टाकतात. काही प्रतिपिंडे तर भक्षक पेशींची वाट न पाहता प्लेटलेटचे थेट तुकडे करतात, असेही प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यातच एचआयव्ही मज्जेतल्या त्या अवाढव्य पेशींमध्येही शिरू शकतो आणि नवा पुरवठा मंदावतो. नाश वाढलेला आणि पुरवठा घटलेला, अशी दुहेरी कोंडी.

यातली रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यासाठी प्रतिकारशक्ती खालावलेली असावी लागत नाही. सीडी४ पेशींची संख्या चांगली असलेल्या, शेतात दिवसभर राबणाऱ्या धडधाकट माणसातही हे होऊ शकते. अर्थात आजार पुढे गेला की प्रमाण वाढते. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ३० हजारांहून अधिक एचआयव्हीबाधितांच्या नोंदी तपासल्या होत्या. एड्सची लक्षणे असलेल्यांपैकी ८.७ टक्के रुग्णांच्या प्लेटलेट वर्षभरात ५० हजारांखाली गेल्या, तर एड्सच्या पायरीला न पोचलेल्यांत हे प्रमाण १.७ टक्के होते. आता प्रभावी औषधांमुळे चित्र सुधारले आहे. पण औषध सुरू होण्यासाठी आधी निदान व्हायला हवे.

आणि इथेच डेंग्यूची सावली आड येते. डेंग्यूत प्लेटलेट तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरतात, ताप जाण्याच्या सुमारास तळ गाठतात आणि पुढच्या आठवडाभरात स्वतःहून वर येतात. उतार वेगाचा, चढही वेगाचा. एचआयव्हीमुळे होणारी घट बहुधा सावकाश आणि चिवट असते. दोन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट काढून पाहिला तर तेव्हाही आकडा कमीच दिसतो. म्हणून जुने रिपोर्ट फेकून देऊ नयेत. डॉक्टर बदलला, प्रयोगशाळा बदलली तरी ती पिशवी बरोबर असावी.

झटपट कार्ड चाचणीचाही घोळ आहे. त्यात आयजीजीची रेघ उमटली की 'डेंग्यू निघाला' असे सांगितले जाते. आयजीजी ही पूर्वी कधीतरी होऊन गेलेल्या संसर्गाचीही खूण असते. आपल्या भागात ती अनेकांच्या रक्तात सापडेल. ताज्या डेंग्यूसाठी पहिल्या चार-पाच दिवसांत एनएसवन आणि त्यानंतर आयजीएम यांना वजन द्यायचे असते. आणखी एक पेच आहे. एचआयव्हीची लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ येते आणि प्लेटलेटही उतरतात. हे हुबेहूब डेंग्यूसारखे दिसते. शिवाय त्या दिवसांत एचआयव्हीची नेहमीची प्रतिपिंड चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून जोखीम असेल तर ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

तरीही, प्लेटलेट कमी दिसल्या की लगेच एचआयव्हीवर उडी मारायची असे नाही. पहिली पायरी साधी आहे, आकडा खरा आहे का ते पाहणे. रक्त ज्या नळीत घेतात त्यातल्या रसायनामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या बनतात आणि यंत्राला त्या मोजता येत नाहीत. माणूस ठणठणीत आणि रिपोर्टवर वीस हजार. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की गुठळ्या दिसतात आणि दुसऱ्या प्रकारच्या नळीत रक्त घेतले की आकडा सुधारतो. हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे. यंत्रे आल्यापासून ते मागे पडले, हे काही प्रगतीचे लक्षण नव्हे. तीच काचपट्टी मलेरियाही दाखवते आणि तुटक्या लाल पेशीही. तुटक्या लाल पेशी दिसल्या तर टीटीपी नावाचा एक घातक आजार असू शकतो. तो एचआयव्हीबरोबरही येतो, त्यात रक्तद्रव बदलावा लागतो आणि प्लेटलेटची पिशवी चढवणे सहसा टाळतात, कारण ती उलटू शकते.

आपल्या भागात आणखी काही कारणे डोळ्यांसमोर ठेवावी लागतात. साक्री तालुक्याचा पश्चिम पट्टा, नवापूर आणि पुढे सातपुड्यापर्यंतच्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. त्यात पानथरी अचानक फुगली तर प्लेटलेट तिथे अडकतात. पोट तपासताना पानथरी मोठी लागली तर डॉक्टरांचा विचार वेगळ्या दिशेला जायला हवा, कारण केवळ प्रतिपिंडांमुळे प्लेटलेट घटतात तेव्हा पानथरी फारशी वाढत नाही. दारूने यकृत कडक झाले असेल, काविळीचा बी किंवा सी विषाणू असेल तरी प्लेटलेट उतरतात. टीबी मज्जेत पोचला तरी उतरतात. आणि टीबीचे औषधही कारण असू शकते. रिफाम्पिसिनमुळे क्वचित एखाद्याच्या प्लेटलेट झपाट्याने कोसळतात. असे ठरले तर ते औषध बंद करावे लागते आणि त्या रुग्णाला पुन्हा कधीही द्यायचे नसते. एचआयव्हीबाधितांना संसर्ग टाळण्यासाठी दिली जाणारी कोट्रायमोक्साझोलची गोळीही संशयितांच्या यादीत आहे. म्हणजे एचआयव्ही आहे म्हणून प्लेटलेट एचआयव्हीमुळेच कमी झाल्या, हेही गृहीत धरता येत नाही.

हे निदान पक्के करणारी एकच चाचणी नाही. प्लेटलेटविरोधी प्रतिपिंडे मोजण्याच्या चाचण्या मोठ्या संस्थांत होतात, पण त्या निगेटिव्ह आल्या म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही. बाकीची कारणे वगळत वगळत या निष्कर्षाला यायचे असते. म्हणून वगळण्याच्या यादीत काय आहे याला महत्त्व. २०१० साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने आणि २०११ साली अमेरिकेच्या रक्तविकार संघटनेने स्पष्ट म्हटले, की प्रतिकारशक्तीमुळे प्लेटलेट कमी झाल्याचा संशय असलेल्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी चाचणी करावी. प्रत्येक, म्हणजे 'तसा' वाटणाऱ्या रुग्णाचीच नव्हे. लग्न झालेले, माळकरी, वयस्कर, बाई, कोणीही.

आपल्याकडे व्यवहार उलटा चालतो. गरोदर बाईची चाचणी होते, टीबीच्या रुग्णाची होते, रक्तदात्याच्या रक्ताची होते. प्लेटलेट कमी असलेल्या चाळिशीतल्या शेतकऱ्याची होत नाही, कारण विचारायचे कसे हा संकोच. डॉक्टरला वाटते रुग्ण दुखावेल. रुग्णाला वाटते डॉक्टर संशय घेतो. मधल्या मध्ये स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. स्टेरॉइडने प्लेटलेट वाढतात, काही दिवस सगळे खूश असतात. गोळी कमी केली की आकडा पुन्हा घसरतो. एचआयव्ही माहीत नसताना महिनोन् महिने स्टेरॉइड चालले तर आधीच कमजोर होत असलेली प्रतिकारशक्ती आणखी दबते आणि लपलेला टीबी डोके वर काढू शकतो. पाच मिनिटांचे बोलणे टाळल्याची ही किंमत फार मोठी आहे.

संकोचावर कायद्याने एक तोडगा दिला आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ सालचा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. चाचणी माहितीपूर्ण संमतीने व्हावी, निकाल गुप्त राहावा आणि लागण आहे म्हणून उपचार, नोकरी किंवा शिक्षण नाकारू नये, असे तो सांगतो. म्हणजे डॉक्टरने सरळ विचारावे, 'प्लेटलेट कमी असण्याच्या कारणांत एचआयव्हीही येतो, सगळ्यांचीच तपासणी करतो, तुमची करू का?' एवढे वाक्य पुरते. न विचारता गुपचूप चाचणी करून नातेवाइकाला निकाल सांगणे हे कायद्यात बसत नाही आणि पिंपळनेरसारख्या गावात, जिथे दुपारची बातमी संध्याकाळपर्यंत चारही वेशींना पोचते, तिथे तर ते एखाद्याचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात. राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे, चार लाखांच्या आसपास. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या फुलीवरचे शहर. ट्रकचालक आणि हंगामी स्थलांतर करणारे मजूर या दोन्ही गटांकडे एचआयव्ही कार्यक्रमाने सुरुवातीपासून लक्ष दिले आहे. या कार्यक्रमाचा पाचवा टप्पा २०२१ ते २०२६ असा, १५,४७१.९४ कोटी रुपयांचा आणि पूर्णपणे केंद्राच्या पैशांतून आखला गेला. परदेशी मदत आटल्यावर आफ्रिकेतल्या काही देशांचे कार्यक्रम अडचणीत आले. आपला मोठा भार आपल्याच तिजोरीवर असल्याने तसा धक्का आपल्याला बसला नाही, ही त्यातली जमेची बाजू. बाधितांपैकी ९५ टक्के लोकांना आपली लागण माहीत असावी, त्यातल्या ९५ टक्क्यांना औषध मिळावे आणि त्यातल्या ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा, असे जागतिक उद्दिष्ट आहे. पहिल्या ९५ मधून जे निसटतात, ते शोधायचे तर अशा आडवळणाच्या खुणा ओळखाव्या लागतील. कमी प्लेटलेट ही त्यातली एक.

एचआयव्ही निघाला, दुसरे कारण सापडले नाही आणि गंभीर रक्तस्राव नाही, तर पहिला उपचार म्हणजे एचआयव्हीचेच औषध. विषाणू दबला की प्रतिपिंडांचा मारा थांबतो, मज्जाही सावरते आणि बऱ्याच रुग्णांत काही आठवडे ते तीन महिन्यांत प्लेटलेट सुरक्षित पातळीवर येतात. हे ध्यानात आले तेही गमतीशीर रीतीने. १९८७ साली झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचे पहिले औषध वापरात आले. ते मज्जेला त्रास देते, रक्त कमी करते, म्हणून डॉक्टर बिचकत होते. पण प्लेटलेट मात्र त्याने वाढल्या. मज्जेवर वाईट परिणाम करणारे औषध प्लेटलेटना लाभते, याचा अर्थ मूळ दुखणे विषाणूतच आहे, हे उघड झाले. आज आपल्याकडे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी रोज एक अशी दिली जाते. २०१७ पासून सीडी४ कितीही असो, निदान झालेल्या प्रत्येकाला औषध सुरू करण्याचे धोरण आहे.

रक्तस्राव होत असेल किंवा आकडा फारच खाली, वीस-तीस हजारांच्या आत असेल, तर औषधाचा परिणाम दिसेपर्यंत थांबता येत नाही. मग थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. दुसरे महाग आहे, पण एक-दोन दिवसांत आकडा वर आणते. मज्जेला चालना देणाऱ्या एल्ट्रोम्बोपॅगसारख्या गोळ्याही आता आहेत. पूर्वी पानथरी काढत. एचआयव्ही असताना ती काढली तर आजार वेगाने वाढेल अशी भीती होती, ती खरी ठरली नाही. तरी आता ती वेळ क्वचितच येते.

प्लेटलेटच्या पिशव्यांबद्दल लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. प्रतिपिंडांमुळे प्लेटलेट मरत असतील तर बाहेरून दिलेल्याही तशाच मरतात, कधी काही तासांत. जिवावर बेतणारा रक्तस्राव किंवा तातडीची शस्त्रक्रिया असेल तेव्हाच त्यांचा उपयोग. नुसता आकडा सुधारण्यासाठी पिशवीमागून पिशवी चढवणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणे आणि नातेवाइकांचे पैसेही त्याच वाटेने जातात. पपईच्या पानांचा रस प्रतिपिंड थांबवत नाही आणि विषाणूही मारत नाही.

आकड्याची भीती थोडी कमी करायला हरकत नाही. या आजारात प्लेटलेट कमी असल्या तरी त्यातल्या बऱ्याच ताज्या आणि तडफदार असतात, त्यामुळे पन्नास हजारांवर माणूस सहसा नेहमीचे काम करू शकतो. मात्र तोंडात रक्ताचे फोड, काळे शौच, लघवीतून रक्त, थांबत नसलेला घोळणा किंवा अचानक तीव्र डोकेदुखी झाली तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नये, त्याने उरलेल्या प्लेटलेटही निकामी होतात. आणि कमरेत सुई टोचून घेण्याचा आग्रह सोडावा, आत रक्त साचून गाठ होते.

यापुढचा प्रश्न औषध चालू राहण्याचा आहे. पिंपळनेरला ग्रामीण रुग्णालय आहे, पण मोठ्या उपचारासाठी साक्रीवरून धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडेच जावे लागते. पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यावरच्या माणसाचा जाऊन येऊन दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. त्यात दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे निघतात, ती परततात उन्हाळ्यात. या महिन्यांत गोळ्या तुटल्या की काय होते, हे जगाने एका चाचणीतून शिकून घेतले आहे. सीडी४ चांगले असताना औषध थांबवून पाहावे का, हे तपासणारा 'स्मार्ट' नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २००६ मध्ये मध्येच आवरावा लागला, कारण औषध थांबवलेल्यांत आजार आणि मृत्यू वाढले. पुढे त्याच अभ्यासाच्या नोंदींतून दिसले, की औषध थांबवलेल्यांच्या प्लेटलेटही घसरल्या होत्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी काही महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय आहे, आणि परगावी असताना जवळच्या एआरटी केंद्रातूनही औषध घेता येते. त्यासाठी उपचाराचे पुस्तक जवळ हवे आणि निघण्याआधी केंद्रात तसे सांगायला हवे. मुकादम उचल देताना तारीख ठरवतो, तेव्हाच ही फेरीही ठरवावी. त्याच फेरीत विषाणूचे प्रमाण मोजण्यासाठी रक्त द्यायचे असेल, तर प्लेटलेटही मोजून घ्याव्यात. विषाणू दबलेला असूनही त्या कमीच दिसल्या, तर कारण दुसरीकडे, यकृतात, पानथरीत, मज्जेत किंवा एखाद्या औषधात शोधावे लागते. शंका असेल, कोणाला विचारायची लाज वाटत असेल, तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे आणि तिथे नाव सांगावे लागत नाही.